पंगतीची अट

चैत्र लागला की सांगलीच्या खणभागातल्या हरणाबाईंच्या खोलीत पत्र्याची ट्रंक पलंगाखालून बाहेर येई आणि वैशाख सरेपर्यंत परत आत जात नसे. हे दोन महिने जत्रांचे. सातारा-सांगलीकडच्या गावोगावी जत्रेला नाटक व्हायचं म्हणजे व्हायचंच. गावातली हौशी पोरं, आणि स्वतःला अजून पोरं म्हणवून घेणारे पन्नाशीचे बाप्ये, महिनाभर तालमी करत. बाप्यांची कामं गावातच वाटली जात, त्यावरून दोन-चार भांडणंही होत. बायकांच्या कामांसाठी मात्र सांगली-कोल्हापूरहून बाया आणाव्या लागत, कारण गावची लेक किंवा सून रंगमंचावर उभी राहिली तर गावाची अब्रू जाते. दुसऱ्याची लेक उभी राहिली की गावाची करमणूक होते.

ही दुसऱ्याची लेक म्हणजे हरणाबाई. वय बेचाळीस. वीस वर्षांत तीनशेच्या वर गावांत नायिका झालेल्या. दुपारी एसटीतून उतरायचं, संध्याकाळी एक तालीम करायची, आणि रात्री ज्या माणसाचं नावही नीट ठाऊक नाही त्याची पत्नी, माता किंवा विधवा होऊन हजार-पंधराशे माणसांना रडवायचं, हा त्यांचा धंदा. गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या एका संस्थेकडून त्या राज्य नाट्यस्पर्धेत उतरल्या आणि अभिनयाचं रौप्यपदक घेऊन आल्या. पेपरात फोटो आला. शेजारणींनी फोटो पाहिला, पदक हातात घेऊन पाहिलं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नेहमीप्रमाणे शेजारच्या खोलीपर्यंत येऊन तिथूनच परत फिरलं. हरणाबाई विधवा होत्या हे कारण होतंच, पण खरं कारण ते नव्हतं.

त्या १९७४ च्या चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी हरणाबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. समोर त्यांची जोडीदारीण लीलाबाई करारपत्रांवर गावांची नावं घालत बसली होती. या करारपत्राची हकिगत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

चार वर्षांपूर्वी बनुबाई नावाची त्यांची एक मैत्रीण असल्याच एका जत्रेत तापानं फणफणली. बायांचा मुक्काम नेहमीसारखा शाळेत. बनुबाईंना गरम पेज मिळावी म्हणून हरणाबाई चार दारांत गेल्या. चारही घरांतून लोक रात्री नाटक पाहून, रडून, टाळ्या पिटून आले होते. एकाही घरानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. एका घरानं पेज दिली ती अंगणात, फुटक्या जर्मनच्या भांड्यात, आणि भांडं परत आणू नका असं सांगून. तिसऱ्या दिवशी बनुबाई गेली. हरणाबाईंनी स्मशानातून आल्यावर डोळे पुसले आणि सांगली-मिरजेच्या बावीस जणींना गोळा करून कलावंत भगिनी मंडळ काढलं. मंडळानं करारपत्र छापलं. अटी तीन. पहिली, बायांच्या खोलीला आतून कडी हवी. दुसरी, नाटक संपल्यावर सत्काराच्या नावाखाली कुणी बाप्यानं त्या खोलीत शिरायचं नाही. आणि तिसरी, बायांचं जेवण गावातल्या घरात, घरच्या बायकांच्या पंगतीला होईल, डबा शाळेवर पाठवायचा नाही.

पहिल्या दोन अटी गावांनी कुरकुरत मान्य केल्या. तिसरीवर सगळी अडत. लोक म्हणत, बाई, दहा रुपये जास्त घ्या पण ते पंगतीचं काढा. हरणाबाई काढत नसत. सतरा गावांनी त्यापायी त्यांना सोडलं, तेवीस गावांनी शेवटी ताट वाढलं. एका ताटासाठी चार वर्षं भांडणाऱ्या बाईला लोक हट्टी म्हणत.

आणि तरीही एक गाव असं होतं जिथं हरणाबाई स्वतःच्या हातानं ती अट खोडून देत. कराडजवळचं पिंपरणी.

"अक्का, ह्या वर्सी तरी खोडू नगं," लीलाबाई पिंपरणीचा कागद पुढं करत म्हणाली. "बाकीच्या गावांला अट आन् पिंपरणीला सूट. लोकं तोंडावर बोलत्यात."

"पिंपरणीच्या नानासोंनी सगळ्यांच्या आदी सही केली व्हती. त्येंच्यामुळं आजूबाजूच्या धा गावांनी केली. इसरलीस?"

"सही केली, पर ताट न्हाई वाढलं."

हरणाबाईंनी पुढची साडी घडीला घेतली. लीलाबाईला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आता पिंपरणीशी त्यांचा आणखी एक धागा जुळत होता. त्यांची एकुलती एक मुलगी शालन. डी.एड. होऊन दोन वर्षं पिंपरणीशेजारच्या शाळेत मास्तरीण होती. त्याच शाळेत नानासोंचा मुलगा सयाजी मास्तर होता. दोघांचं जमलं होतं. शालन सयाजीचं नाव काढताना स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे बघून बोलायची, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे येई ते हरणाबाईंनी याआधी फक्त रंगमंचावर, ते पण उसनं, पाहिलं होतं. शालनची याआधी दोन स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा सगळं पसंत पडून झाल्यावर कुणीतरी विचारलं होतं, मुलीची आई काय करते?

त्याच सोमवारी दुपारी नानासो आले.

नानासो म्हणजे पिंपरणीचं मोठं घर. चाळीस एकर ऊस, सोसायटीचे चेअरमन, आणि गेली अकरा वर्षं जत्रेच्या नाटकातले नायक. वय वाढलं, पोट सुटलं, पण नायकाचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. यंदाचं नाटक विधवा-विवाहाचं होतं. त्यात ते समाजाला लाथाडून विधवेचा हात धरणारे सुधारक होते, आणि 'या माउलीला मी माझ्या घराची लक्ष्मी करीन' या त्यांच्या वाक्याला हमखास टाळी होती.

"चहा टाकते," हरणाबाई म्हणाल्या.

"नगं. सोमवार धरतोय मी."

"उपासाला चहा चालतोय की."

"आमच्यात न्हाई चालत."

अकरा वर्षांत नानासो या खोलीत जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तेव्हा त्यांचा उपास निघाला होता. लीलाबाई तोंड वळवून हसली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. नानासो खुर्चीच्या कडेवर टेकले.

"पोरगी सोन्यावाणी हाय," ते म्हणाले. "नोकरीवाली हाय, वळणाची हाय. पोरगं तर इरंला पेटलंय. माजी ना न्हाई. जातीत हाय, घराणं बी बगितलं. तुमचं भाऊ आकाराम पाटील, तासगावात त्येंच्या शबुदाला मान हाय. म्या जाऊन आलोय त्येंच्याकडं."

हरणाबाईंचे हात थांबले. आकाराम त्यांचा सख्खा भाऊ. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा हरणाबाई एकोणीस वर्षांच्या आणि शालन पोटात. सासरनं हाकललं. भावानं दोन वर्षं गोठ्यात राबवून घेतलं. मग त्या सांगलीला येऊन एका नाटक मंडळीचे कपडे शिवू लागल्या आणि नटी आली नाही म्हणून एके रात्री तिचंच लुगडं नेसून उभ्या राहिल्या. सगळं नाटक त्यांना पाठ होतं. गावात ही बातमी गेली आणि आकारामानं विहिरीवर जाऊन बहिणीच्या नावानं आंघोळ केली. शालनला काखेत घेऊन त्या भेटायला गेल्या होत्या. त्यांनी ती आंघोळ बांधावरून पाहिली.

"आकाराम कबूल झाला?"

"झालं की. मामा म्हणून उभं ऱ्हात्याल, कन्यादान त्येच करत्याल."

"आन् मी?"

नानासोंनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "तेच बोलायचं हाय. लग्नात चार आमदार-चेअरमन येणार. आता पत्रिकेत आईचं नाव न्हाई घातलं तर लोक इचारणार, आन् घातलं तरी इचारणार. म्हून आकारामांनी आन् मी असं ठरीवलंय, नाव घालायचं. नुसतं फुडं कै. लावायचं. मजी कुणी काय इचारतच न्हाई."

हरणाबाईंना अर्थ लागायला वेळ लागला.

"म्हंजी मी मेले?"

"आवं, कागदावर!" नानासो हसले. त्यांना खरंच ते सोपं वाटत होतं. "ष्टेजवर पन्नासदा मेलाय तुमी, त्यातल्या अकरा डाव तर माज्या मांडीवर. एकडाव कागदावर मेल्यानं काय बिघडतंय?"

या माणसाला घराबाहेर काढायला हरणाबाईंना एक वाक्य पुरलं असतं, आणि बोलायला त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढं डब्यांकडे बघून बोलणारी शालन आली. तिसरं स्थळही मोडलं तर चौथं येणार नव्हतं.

"शालनला काय सांगू?"

"सांगा, जत्रांच्या सुपाऱ्या घेतल्यात, लग्नाला यायला जमत न्हाई. पत्रिका आमच्या पाव्हण्यांफुरत्या, तिच्या हातात कशाला पडतीया? सयाजीला ठावं हाय समदं. पोरगं समजूतदार हाय."

"बरं," हरणाबाई म्हणाल्या.

खुशीत आलेल्या नानासोंनी जत्रेचा कागद मागितला. दरवर्षी हरणाबाई त्यांच्यादेखत तिसऱ्या अटीवर रेघ मारत आणि मग कागद त्यांच्या हाती देत. त्या दिवशी त्यांना समोरचं नीट दिसतही नव्हतं. रेघ मारायची राहून गेली. नानासोंनी न वाचता झोकात सही केली. आपल्यासाठी रेघ मारलेली असणारच, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

चार दिवसांनी जिनपालचा निरोप आला, छापखान्यात येऊन जा. जिनपाल हा गणपती पेठेतला जैन छापखानेवाला. मंडळाची करारपत्रं तो कागदाच्या किमतीत छापून देई. त्यानं हरणाबाईंना स्टूल दिलं आणि टेबलावर दोन मुद्रितं, तपासायचे कच्चे छाप, ठेवली, शेजारी शेजारी.

एक गुलाबी कागदावरची जत्रेची जाहिरात. वीतभर अक्षरांत, 'राज्य नाट्यस्पर्धेतील रौप्यपदक विजेत्या, महाराष्ट्राच्या लाडक्या अभिनेत्री हरणाबाई'. दुसरी गणपतीचं चित्र असलेली पिवळी पत्रिका. 'चि.सौ.कां. शालन, कै. हरणाबाई यांची कन्या व श्री. आकाराम पाटील यांची भाची'.

"दोन्हींचा मजकूर एकाच पाकिटात आला, अक्का," जिनपाल म्हणाला. "नानासोंच्या अक्षरात. माझा हात चालंना. चुकून आलंय का हे?"

"चूक न्हाई. छाप."

"तुम्ही समोर बसलाय आणि मी तुम्हांला मारू?"

"पोरीचं घर उभं ऱ्हातंय, जिनपाल. छाप म्हणते न्हवं?" त्या जवळजवळ ओरडल्या आणि उठून गेल्या.

जिनपालनं जाहिराती छापल्या. पत्रिकेचे जुळवलेले खिळे मात्र यंत्रावर न चढवता तसेच ठेवून दिले. शनिवारी शालन सुट्टीला आली आणि लग्नघरच्या कुठल्याही मुलीसारखी उत्साहानं छापखान्यात डोकावली, पत्रिका कुठल्या रंगाची निघाली ते बघायला.  जिनपालनं मुद्रित तिच्या हातात दिलं आणि तो शाई घोटायला आत निघून गेला.

शालन घरी आली तेव्हा हरणाबाई भाकरी थापत होत्या. तिनं तो कागद परातीशेजारी ठेवला.

"हे काय आहे, आई?"

"तुझं लग्न हाय."

"माझ्या लग्नात तू मेलीस?"

"बारीक अक्षर हाय ते. कोण वाचतंय?"

"मी वाचलं!" शालनचा आवाज चिरला. "बनुमावशी गेली तेव्हा तू काय म्हणाली होतीस? यापुढं कुणासमोर मान खाली घालणार नाही. सतरा गावं सोडलीस एका ताटासाठी. आणि माझ्यासाठी मरायला तयार झालीस? मला विचारलंस तरी का?"

"इचारायचं काय हाय त्यात?" हरणाबाईंनी पिठाचा हात परातीवर आपटला. "ताटावाचून मी जगले. तू घरावाचून जगणार हायस का? दोन अक्षरांपायी सोन्यासारखं स्थळ मोडायला निघालीस! मी काय मिळवलं गं भांडून? पदक मिळालं, ते ज्वारीच्या डब्यात पडलंय. तुला तरी सुखानं नांदू दे."

"कशी नांदू? पहिल्या दिवाळीला सासूनं विचारलं, तुझी आई कशानं गेली, तर काय सांगू?"

 भाकरी तव्यावर करपली. माय-लेकी दोघीही रडल्या, पण एकमेकींकडे पाठ करून.

सोमवारी मधल्या सुट्टीत शालननं सयाजीला शाळेमागच्या आंब्याखाली गाठलं. पत्रिकेचा कागद त्याच्यासमोर धरला.

"तुला माहीत होतं?"

सयाजी बूट मातीत घासत राहिला. "वडलांपुढं माझं काय चालतंय? एकदा लग्न होऊ दे. मग हळूहळू—"

"हळूहळू काय? आई जिवंत होईल?"

तो वाईट मुलगा नव्हता. त्याला शालन मनापासून आवडत होती, आणि पुढं कित्येक महिने तो जेवणावर रुसून बसला असंही म्हणतात. पण त्या आंब्याखाली जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते त्याला सापडलं नाही. अशी चांगली मुलं घरोघरी आहेत, आणि असली लग्नं वाईट माणसांपेक्षा त्यांच्याच भरवशावर पार पडतात. शालननं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेली. लग्न मोडलं.

हरणाबाई आठ दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. त्यांना तिचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. लीलाबाई म्हणाली, पिंपरणीला जाऊ नकोस. हरणाबाई म्हणाल्या, शब्द दिलाय. जत्रेच्या दिवशी सकाळी ट्रंकेत कागद ठेवताना त्यांची नजर सहज त्यावर गेली. खाली नानासोंची झोकदार सही. वर तिन्ही अटी, स्वच्छ, बिनरेघेच्या.

त्या खाली बसल्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसल्या. मग हसता हसता त्यांचा चेहरा घट्ट झाला. "लीले," त्या म्हणाल्या, "वाटंत लागंल म्हणून चार भाकरी बांध."

पिंपरणीत दोघी दुपारी उतरल्या. वेशीपासून मांडवापर्यंत गुलाबी जाहिराती लागल्या होत्या. पारावरच्या माणसांनी 'आल्या, आल्या' केलं. कडी असलेली शाळेची खोली होती. पहिली अट पाळलेली होती, दुसरी पाळली जाईल अशी लक्षणं होती. सहाच्या सुमाराला चावडीवरचा शिपाई कोंडीबा पितळी डबा घेऊन आला. दरवर्षी येई तसा.

"ह्यो परत ने," हरणाबाई म्हणाल्या. "नानासोंना इचार, पंगत किती वाजता हाय?"

कोंडीबानं दोनदा विचारून घेतलं आणि डबा घेऊन गेला. दहा मिनिटांत स्वतः नानासो आले. अर्धा चेहरा रंगवलेला, मिशी एकाच बाजूला चिकटवलेली.

"आता काय ह्ये नवं?"

हरणाबाईंनी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. बहुतेक पहिल्यांदाच.

"सूड घेताय व्हय? पोरीचं मोडलं म्हून?"

"सूड कसला? जेवायची वेळ झालीया. तुमची सही हाय."

"कागदाचं काय घिऊन बसलाय बाई!"

"कागदावर मेल्यानं काय बिघडत न्हाई म्हणाला व्हता तुमी. मग कागदावरचं जेवल्यानं का बिघडावं?"

नानासोंचा रंगवलेला भाग तेवढा तसाच राहिला, उरलेला लाल झाला. मग ते खालच्या आवाजात, खरोखरच्या काकुळतीनं म्हणाले, "आवं, समजून घ्या की. अकरा वर्सांची वळख हाय. काय मागाल ते देतो, शाल देतो, नारळ देतो, आमदारांच्या हातनं सत्कार करतो. पर घरात... माज्या घरात नटी पंगतीला बसली तर उद्या माज्या लेकीला कोण करून घेईल?"

हा माणूस तासाभरानं विधवेचा हात धरून 'घराची लक्ष्मी करीन' म्हणणार होता. त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. त्याला लाज वाटली असती तर पुढं काही बोलता तरी आलं असतं.

"मग ह्यो आमचा रामराम," हरणाबाई म्हणाल्या. एका बाजूनं लीलाबाईनं, एका बाजूनं त्यांनी, ट्रंक उचलली आणि दोघी फाट्याकडे चालू लागल्या. साडेसातची कराडची गाडी शेवटची होती.

फाटा मांडवापासून हाकेच्या अंतरावर. दिवस मावळला होता. मांडव भरला होता. बारा गावची माणसं बैलगाड्या सोडून बसली होती, शिट्ट्या सुरू झाल्या होत्या, 'पडदा! पडदा!' असा ओरडा होत होता. नायिका का नाही हे सांगणं भाग होतं. आम्ही तिला जेवायला वाढलं नाही, हे सांगता येत नव्हतं. तिनं फसवलं म्हणावं तर तिच्याकडे सहीचा कागद होता. नानासोंना घाईत जे सुचलं ते त्यांनी केलं. फाट्यावर उभ्या असलेल्या दोघींना चिंचेवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. शेवटच्या अंकासाठी राखून ठेवलेला, कापरा आवाज.

"बंधू-भगिनींनो, कळवण्यास अत्यंत दुःख होतं, की राज्य पुरस्कार विजेत्या थोर अभिनेत्री हरणाबाई यांचं आज दुपारी सांगली मुक्कामी आकस्मिक निधन झालं. कैलासवासी हरणाबाईंना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

लीलाबाईच्या हातातून ट्रंक सुटली. "अक्का! मेल्याची जीभ झडली न्हाई!"

भावानं एकदा आंघोळ करून मारलं होतं. एकदा पत्रिकेत मारायचं ठरलं होतं, त्याला हरणाबाई स्वतः हो म्हणाल्या होत्या. ही तिसरी वेळ. त्यांनी पदर खोचला आणि मागं फिरल्या.

"अक्का, गाडी येईल!"

"येऊ दे."

मांडवात पंधराशे माणसं माना खाली घालून उभी होती. दुपारी पारावर 'आल्या, आल्या' म्हणणारे आठ-दहा जणही त्यांत होते आणि तेही माना खाली घालून उभे होते. हरणाबाई मधल्या वाटेनं चालत गेल्या. बिनरंगाच्या चेहऱ्यानं, साध्या सुती साडीत. कुणीतरी डोळे वर केले. एक म्हातारी किंचाळली. हरणाबाई पायऱ्या चढल्या. नानासो डोळे मिटून उभे होते, त्यांच्या हातातून हरणाबाईंनी माइक काढून घेतला.

"मी हरणाबाई," त्या म्हणाल्या. "मी जिती हाय. मला भूक लागलीया."

 त्यांनी कागद वर धरला. "ह्या कागदावर लिवलंय, गावातल्या घरात पंगतीला ताट वाढू. वाढलं न्हाई, म्हून मी चालले व्हते. वाढायच्या ऐवजी मला मारलं. बारा गावं हायत हितं. कुणाच्या घरात मला पाट मांडतासा का? जेवते, आन् लगीच नाटकाला उभी ऱ्हाते."

त्या वाट पाहत राहिल्या. पुढच्या रांगेतल्या, दुसऱ्या गावांहून आलेल्या चेअरमनांनी घड्याळ पाहिलं. मास्तर लोक एकमेकांकडे पाहू लागले. सयाजी खांबाला टेकून उभा होता, तो खांबाच्या मागं झाला. प्रत्येकाच्या घरी जत्रेच्या पोळ्या केलेल्या होत्या, शिळ्या होईपर्यंत उरणार होत्या.

डाव्या अंगाला बांबूच्या चिकाचा पडदा लावून मोठ्या घरच्या बायकांची बसायची जागा केलेली होती. तो पडदा हलला. साळूबाई उभ्या राहिल्या. नानासोंची बायको. शाळेवर जाणारा तो पितळी डबा अकरा वर्षं याच बाईनं भरला होता. दोन वर्षांपूर्वी कोंडीबाबरोबर तिनं विचारून पाठवलं होतं, भाजी तिखट तर नाही ना होत बाईंना? यापलीकडे दोघींची ओळख नव्हती.

"माज्या घरी—" साळूबाई म्हणाल्या.

 नानासोंनी नुसतं तिकडं पाहिलं. साळूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. शेजारणीनं चिकाचा पडदा ओढून घेतला.

हरणाबाईंनी माइक खाली ठेवला. रंगमंचाच्या मधोमध, विजेच्या दिव्याखाली, त्या मांडी घालून बसल्या. मागोमाग आलेल्या लीलाबाईनं समोर भाकरीचं फडकं सोडलं. चार भाकऱ्या, ठेचा, एक कांदा. लीलाबाईनं बुक्कीनं कांदा फोडला. दोघी जेवू लागल्या.

कुणी शिट्टी मारली नाही. कुणी उठून गेलंही नाही. या बाईला त्यांनी नटताना, हसताना, रडताना, मरताना पाहिलं होतं, जेवताना कधी पाहिलं नव्हतं. पंधराशे माणसांनी ते सगळं जेवण पाहिलं, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत. वाचणाऱ्यानं 'मी तिथं असतो तर उठलो असतो' असं म्हणायच्या आधी एवढं ध्यानात घ्यावं, की त्या पंधराशेंपैकी प्रत्येकालाच घरी गेल्यावर तसं वाटलं होतं.

जेवण झालं. हरणाबाई तांब्यातलं पाणी प्यायल्या, त्यांनी फडकं झाडलं, घडी केली. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. उतरता उतरता त्या चिकाच्या पडद्यापाशी थांबल्या. आत कुणी दिसत नव्हतं, पण बांगड्यांचा आवाज आला.

"वैनी," त्या पडद्याला म्हणाल्या, "आज न्हाई जमलं, तर ऱ्हाऊ द्या. फुडल्या वर्सी मी पुन्ना येणार हाय, ह्योच कागद घिऊन. तवा पाट मांडा. तवर मी काय मरत न्हाई."